तीच पावडर

"पुन्हा तेच? अहो बाई, पावडर तीच आहे. फक्त बारीक केलीय." साहेबांनी अर्ज न वाचताच परत सरकवला.

सुरक्षा अधिकारी बाईंचा हा पाचवा अर्ज. मागणी काय, तर वजनखोलीत एक बंद काचपेटी आणि धड मास्क. तिथे मावशी दिवसभर उघड्यावर पावडर तोलायच्या. तीन महिने खोकत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर धूळ बंद करा, नाहीतर नोकरी. आणि घरात कमावणाऱ्या मावशी एकट्या.

पण साहेबांकडे सुरक्षेचा कागद होता. जाड्या पावडरीचा, जुना. त्यात लिहिलं होतं, कापडी मास्क पुरे. इतके बारीक कण अंगात कुठवर जातात हे त्या कागदाच्या गावीही नाही, असं बाई पाचही वेळा सांगून दमल्या. साहेबांचं उत्तरही पाचही वेळा एकच, "तुम्ही ना, उगाच राईचा पर्वत करता." बाईंच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

दुपारी गिऱ्हाईक आलं. कापडावर लेप चढवणाऱ्या कारखान्याचे दोघे मालक. सकाळचे कुरकुरे साहेब कुठल्या कुठे गेले, आता नुसता उत्साह. बाईंना त्यांनी मागे उभं केलं, मावशींना पावडरीची वाटी घेऊन बोलावलं. सुती कापड घडी घालून आठपदरी केलं, वर चिमूटभर पावडर ठेवली आणि हातपंपाने हवा मारली. खालची काळी काच पांढुरकी झाली.

"बघितलंत? आठ पदर पार. लेप थेट धाग्यात मुरणार," साहेब खुशीत म्हणाले. "हिला साधी पावडर समजूच नका. एवढी बारीक केली की पदार्थच बदलतो. हिला अडवेल असं कापड नाही."

मालकांनी माना डोलावल्या. हसावं की रडावं, बाईंना कळेना. त्या बोलणार, तेवढ्यात मावशींना खोकल्याची उबळ आली. ती कशीबशी थांबली. मावशींनी वाटी टेबलावर ठेवली.

"मग मी तोंडाला किती पदर बांधू, साहेब?"