तीन पाण्यांनी धुतलेला गहू

नाथसागराच्या काठावर मेलेले हंस ओळीनं मांडून ठेवले होते. गोजरबाईला तिकडं बघवेना.

वनरक्षक नवाबनं चिखलातले चार दाणे उचलून कागदावर घेतले, हुंगून पाहिले. "बियाण्याचा गहू हाय. औषध लावलेला. सत्यम, तूच टाकला ना?"

"म्या नाय टाकला, साहेब," गोजरबाईचा लेक म्हणाला. पण त्याचं कोण ऐकणार? पेरणी झाल्यापासून तो या पाखरांवर फटाके फोडत होता, आणि पारावर बसून 'एकेकाला बघून घेतो' म्हणत होता. जिभेला हाड नाही मेल्याच्या!

यंदा पौष आला तरी धरण तुडुंब. काठचा गाळ उघडा पडला नाही, त्यावर कोवळं गवत उगवलं नाही. इतक्या लांबून आलेल्या पाखरांनी खायचं काय? ती गव्हाच्या कोंबांवर उतरायची, सत्यम हाकलायचा, अन् इकडं गोजरबाईचा जीव तुटायचा. शेवटी काल, तो कंपनीत गेल्यावर, तिनं पेरून उरलेलं बियाणं काढलं. तीन पाण्यांनी धुतलं. औषधाचा गुलाबी रंग पार निघाला तशी ती निर्धास्त झाली आणि काठावर पसरून आली. रंग गेला तरी विष दाण्यात राहतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"साहेब, म्या टाकला," ती पुढं झाली. "उपाशी व्हती हो पाखरं. चांगला तीन पाण्यानं धुऊन टाकला."

जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. म्हातारा कडूबा पुटपुटला, "आईचं काळीज हाय."

"खरंच सांगते रं! सत्यम, तू तरी सांग ह्यांना!"

सत्यमचे डोळे भरून आले. "आई, माझ्यापायी खोटं नको बोलू," तो म्हणाला आणि मुकाट जीपमध्ये जाऊन बसला.

गोजरबाईनं जीपचं दार दोन्ही हातांनी धरलं. "तुरुंगात मला न्या. पाप माझं हाय."

नवाबनं तिची बोटं एकेक करून, न दुखवता सोडवली.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "माझी अम्मी बी हेच बोलली असती."