पालीच्या बाजारातलं प्रेशर

१९८४ साली पालीच्या बाजारात डॉक्टर शेवडे टेबल मांडून रक्तदाब तपासायला बसले. "चाळिशीनंतर रक्तवाहिन्या ताठर होत जातात, ठणठणीत माणसालाही ते कळत नाही," असं ते येईल त्याला समजावत होते. पण दंडाला पट्टा बांधून घ्यायला कोणी पुढे येईना.

शेवटी खारे बांगडे विकणारी तुळसा उठली आणि खुर्चीत जाऊन बसली. तिचं प्रेशर अगदी छान निघालं. डॉक्टर कौतुक करतायत तोवर ती बाजारभर ऐकू जाईल अशी ओरडली, "मेल्यांनू, घाबरताव कशाला? काय दुखत नाय! या सगळे!"

तुळसाचा शब्द कोण मोडणार? रांगच लागली. बऱ्याच जणांचं प्रेशर वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी एकेकाला बजावलं, "मीठ कमी करा. खारी मासळी तर आजपासून बंद!"

त्यानंतर एकाही गिऱ्हाइकानं बांगड्याला हात लावला नाही. संध्याकाळी तुळसानं बांगड्यांनी भरलेली पाटी तशीच आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हसली.



"डॉक्टर, बाजारात आता दोनच माणसं धड उरली, मी नि तुमी. निम्मे मी खाते, निम्मे तुमी घ्या."