सवलत नको

इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करणाऱ्या बाईंनी वर्षभर बाहेरचा चहा सोडला, रिक्षा सोडली, सुट्टीच्या दिवशीही पाळ्या घेतल्या. सोबतिणी म्हणायच्या, "एका कोटापायी कशाला जीव काढतेस?" आज त्या शहरातल्या सर्वांत महागड्या दुकानात शिरल्या आणि निळा कोट अंगावर चढवून आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या.

विक्रेती हळूच म्हणाली, "काकू, थोडं थांबा. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळेल."

"नको गं. पूर्ण किमतीचंच बिल कर."

"फारच आवडलेला दिसतोय! या डिझायनरचा हा पहिलाच कोट आमच्याकडे आलाय. तिचं नाव ऐकलंय तुम्ही?"

बाई खळखळून हसल्या.

"ऐकलंय काय विचारतेस! मीच ठेवलंय."