व्हिडिओत नसलेलं कडवं

"सर, आवाज बसला तरी चालेल, पण व्हिडिओतल्या उड्या हव्यातच," कॉलेजच्या गॅदरिंगचा संयोजक म्हणाला. रॉकगायक श्रीरंगने सुजलेल्या गुडघ्याला पट्टा आवळला. पंचवीस वर्षं लोक त्याचं ते एकच गाजलेलं गाणं टीव्हीवरच्या व्हिडिओत नुसतं पाहत आले होते. आजचा कार्यक्रम शेवटचा, असं त्याने ड्रमरला सांगून टाकलं होतं.

स्टेजवर दुसऱ्याच उडीला गुडघा अडला. "काका, दमलात?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

मग उभ्यानेच त्याने व्हिडिओतून कापलेलं तिसरं कडवं घेतलं. त्यात दमून घरी आलेला माणूस स्वतःलाच नाचायला उठवतो. शेवटच्या ओळीला श्रीरंगचा श्वास संपला. ती ओळ पुढच्या रांगेतल्या प्राध्यापिकेने पूर्ण केली.

"बाई, तुम्हाला कसं येतं हे?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे टीव्ही नव्हता. नुसती कॅसेट होती."

श्रीरंग ड्रमरकडे वळला. "पहिल्यापासून घे पुन्हा. सगळी कडवी."