पिशवीतलं पाणी

"एकही पान ठेवलं नाहीत? मारलंत झाड!" विज्ञानाच्या खैरमोडेबाई दगडूमामांवर कडाडल्या. रस्ता रुंद होणार म्हणून फाटकाजवळचा करंज शाळेमागे हलवला होता.

"बाई, मुळं तुटलीत. पानं ठेवली तर आहे तेवढं पाणी उडवून टाकतील," म्हातारा माळी म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. याच करंजाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, पानांतून पाणी कसं उडतं ते त्या दरवर्षी मुलांना दाखवायच्या.

दोन महिन्यांनी पालवी आली. "पालवी खोडातल्या साठ्यावरही फुटते. मूळ धरलंय का, ते अजून कळायचंय," मामा पुटपुटले.

पानं मोठी होताच बाईंनी सकाळी एका डहाळीला पिशवी बांधली. दुपारी पिशवीत थेंब साचले होते आणि भर उन्हातही सगळी पानं ताठ होती.

मामांनी खोडावर थाप मारली. "उडव लेका, हवं तेवढं उडव!"