बर्फ पडायच्या आत

"आये, हितं भूर्जाची झाडं चुना फासल्यागत पांढरी हायती, आन् पानं हळदीवाणी पिवळी. बर्फ पडायच्या आत घरी येतो बघ!"

काश्मीरच्या चौकीवरनं आलेला वीरधवलचा तो शेवटचा फोन. पुढं चौकीवर हिमकडा कोसळला आणि तो सापडलाच नाही.

शालूबाईंनी लेकाच्या फोटोला हार घालू दिला नाही. दर दिवाळीला भिंतीला निळा रंग दिला की सून राजेश्वरी तिच्यावर तीच पिवळी झाडी काढायची, आणि सासू बजावायची, "पांढरा रंग खोडापुरताच बरं का. बर्फ काढायचा न्हाई."

यंदा सुनेच्या भांगापाशी पांढरं दिसलं. रंग लागला असेल म्हणून शालूबाईंनी पदरानं पुसलं. पुन्हा पुसलं. ते जाईना.


"आता बर्फ काढ, पोरी. माझा वीरू गेला."