मायचा समुद्र

"हे पहा तानबा, इथं कोणी धरण म्हणाचं नाई," गाडीचं दार हळूच लावत धनंजयनं तंबूंच्या राखणदाराला बाजूला घेतलं. "मायले समुद्र म्हणून आणलं हाय."

तानबानं आधी बोर धरणाच्या पाण्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर मान टाकून झोपलेल्या आनंदाबाईंकडे.

"साहेब, समुद्र तं म्या बी नाई पाह्यला. पण तुमी म्हणाल तसं म्हणतो."

लबाडीच होती ती, आणि साठीला आलेल्या, चार लोकांत मान असलेल्या माणसानं सख्ख्या आईशी केलेली. पण करणार काय बिचारा? म्हातारीनं ऐंशी ओलांडलेली. छाती थकलेली, डोळ्यांत काचबिंदू. लांबचा प्रवास झेपायचा नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि उरलीसुरली नजरही आता थोड्या दिवसांची. अन् तिचा एकच धोशा: "धना, मले एकदा समुद्र दाखव." नोकरीभर धनंजय 'पुढच्या सुट्टीत जाऊ' म्हणत राहिला. सुट्ट्या संपल्या, नोकरीही संपली.

युक्ती त्याच्या लेकीची, अंकिताची. तिनं मोबाइलवर आजीला कोकणातल्या लाटा दाखवल्या होत्या. आजीनं मोबाइल नाकाला भिडवला आणि "हा नोय वो" म्हणून परत दिला. आजीला आता धड दिसत नाही हे अंकितानं तेव्हाच ताडलं. मग धरणाचं पाणी काय वाईट? जंगलात तंबू आहेत, रात्रीचा मुक्काम होईल, पलीकडचा काठ काही आजीला दिसणार नाही. सिंदी मेघेतल्या घरापासून वाट जेमतेम तासाभराची. पण समुद्र इतक्या जवळ कसा, असं आजीला वाटू नये म्हणून गाडी आधी कारंज्याला नेली, ढाब्यावर जेवले आणि मग गरगर फिरवून हिंगणीकडून आणली. धनंजयला सगळा रस्ता नुसतं चोरासारखं झालं होतं.

"आजी, उठ. आला समुद्र," अंकितानं मागचं दार उघडलं.

आनंदाबाई उतरल्या. उतरताना डोक्यावरचा पदर घसरला आणि टाळूवरचा रुपयाएवढा गुळगुळीत डाग दिसला. तिथं केस नव्हतेच. लहानपणी धनंजयनं विचारलं की म्हणायची, ओझी वाहून वाहून गेले रे. तिनं झटकन पदर सावरला, चपला काढून गाडीपाशीच ठेवल्या आणि अनवाणी पुढं झाली.

दिवस मावळतीला टेकला होता. मागं सागाचं जंगल, पुढं पाणी, आणि डावीकडे धरणाच्या भिंतीची लांबच लांब काळी रेघ. आनंदाबाईंनी त्या रेघेकडे तोंड करून हात जोडले.

अंकितानं हसू दाबत तिचे खांदे धरून वळवलं. "अगं आजी, समुद्र इकडे आहे."

"हो वो. माईत हाय मले."

आणि मग तिनं पाणी पाहिलं. सूर्य नेमका त्यावर सांडला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सोनं हलत होतं. वाऱ्याची झुळूक आली की सगळं पाणी अंगावर काटा यावा तसं शहारे. म्हातारीनं कपाळावर हात आडवा धरला.

"अगं माय! काय भरला वो हा!"

"भरती हाय, आजी," तानबानं मागून लगबगीनं ठोकून दिलं.

धनंजय या धरणावर पन्नासदा आला असेल. मित्रांबरोबर, मटणाच्या पार्ट्यांना. पाण्याकडे मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. आज आईच्या शेजारी उभं राहून पाहिलं. एवढं मोठं, एवढं शांत काही आपल्या घराशेजारी होतं! आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आपण हिला फसवतोय, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ती काठाशी उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ भरली.

समुद्राचं पाणी खारट असतं! हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. "माय, नको!" धनंजय धावला. पण आनंदाबाई घोट घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

"गोड हाय," त्या म्हणाल्या.

तानबा जंगलाकडे पाहू लागला. अंकिता चाचरली, "अगं, इथं... इथं नदी येऊन मिळते ना, म्हणून."

धनंजयला आता सहन होईना. तो आईजवळ चिखलातच बसला. "माय, माफ कर. म्या तुह्याशी खोटं..."

पण तिचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिनं पदर मागं सारला, त्याचा हात ओल्या हातात घेतला आणि आपल्या टाळूवर, त्या गुळगुळीत डागावर ठेवला.

"बोर नदीचं पाणी गोडच राह्यते, बाबू. त्या भिंतीची माती वाहून वाहून गेले हे केस. बायको कामावर गेलती हे सांगतलेलं तुह्या बापाले खपे नाई, म्हून बोलली नाई कधी. तवा इथं पाण्याचा थेंब नोता. तू पोटात होता. मुकादम म्हणे, पाह्यजो आनंदा, इथं समुद्र होईन. मले वाटे, थट्टा करून राह्यला."

तिनं पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"तवापासून जीव लागला होता रे. किती वर्सं तुले म्हणून राह्यली, मले समुद्र दाखव, समुद्र दाखव. आज समजलं तुले."